शून्य खरे की खोटे?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या मुलांचे प्रात्यक्षिक चालू होते. किरणोत्सर्ग मोजणारे गायगर-म्युलर गणक नावाचे एक यंत्र असते. त्याच्या नळीत किरण शिरला की 'टिक्' असा आवाज होतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. या प्रात्यक्षिकाची सुरुवात जराशी विचित्र असते. किरणोत्सर्गी पदार्थ जवळ न ठेवताच प्रथम पाच मिनिटे मोजणी करायची. त्या दिवशी एका गटाने वहीत लिहिले, "पाच मिनिटांत शून्य." आणि मला हाक मारली, "सर, आज खोलीत किरणोत्सर्गच नाही!"

मी हसलो आणि म्हटले, "मागची तार बघा." तार सैल झाली होती. ती घट्ट बसवताच यंत्र टिक् टिक् करू लागले. भिंतींतल्या विटा, जमिनीतले दगड आणि आकाशातून सतत येणारे विश्वकिरण यांच्यामुळे कोणत्याही खोलीत मिनिटाला दहावीस ठोके तरी पडतातच. तेव्हा यंत्र अगदीच गप्प असेल, तर खोलीत किरण नाहीत असे म्हणायचे नसते. यंत्र बिघडले असावे, असा संशय घ्यायचा असतो.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, डॉक्टर नाही. तरीही आज तुम्हांला रोगांविषयी सांगणार आहे. कारण एखाद्या राज्यात संसर्गजन्य रोगाचे किती रोगी आहेत हे शोधणे ही एक प्रकारची मोजणीच आहे आणि तिथेही हाच प्रश्न उभा राहतो. एखाद्या तालुक्यातून 'या आठवड्यात रोगी शून्य' असा कागद आला, तर रोग नाही असे समजायचे, की तार सैल झाली आहे असे समजायचे?

केवढे मोठे हे यंत्र!

आपल्या महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११ कोटी २३ लाखांहून अधिक होती. एवढ्या माणसांत आज कोणाला गोवर झाला, कोणाला पटकी झाली, हे पुण्यामुंबईत बसून कसे कळणार? त्यासाठी गावोगावी डोळे आणि कान हवेत.

आपल्या ग्रामीण भागात साधारण पाच हजार वस्तीसाठी एक उपकेंद्र आणि तीस हजार वस्तीसाठी एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा नियम आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांना उपकेंद्र आणि वीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र. भारतात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून या सगळ्या ठिकाणांहून दर आठवड्याला माहिती वर पाठवण्याची पद्धत पडली. तिचे तीन नमुने ठरले. पहिला 'एस'. हा आरोग्यसेविका भरते. तिने फक्त लक्षणे लिहायची : ताप, ताप आणि अंगावर पुरळ, जुलाब, खोकला, कावीळ. दुसरा 'पी'. हा डॉक्टर भरतात. रोग्याला तपासून कोणता रोग असावा असे त्यांना वाटते, ते त्यांनी लिहायचे. तिसरा 'एल'. हा प्रयोगशाळा भरते. रक्त, थुंकी किंवा शौचाचा नमुना तपासून जे सिद्ध झाले, तेवढेच तिथे लिहायचे. हे आकडे तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून राज्याला जातात. २०२१ सालापासून देशभर ही माहिती कागदाऐवजी मोबाइल आणि संगणकावरून भरली जाऊ लागली.

तुम्ही विचाराल, तीन नमुने कशाला? सिद्ध झालेलाच आकडा का घेऊ नये? कारण प्रयोगशाळेचा निकाल पक्का असतो, पण तो उशिरा येतो आणि फार थोड्या रोग्यांचा येतो. सेविकेची नोंद कच्ची असते, पण ती लवकर येते आणि सगळ्या गावाची येते. एका वाडीत एकाच आठवड्यात तीस जणांना जुलाब लागले, तर तो कोणता जंतू हे कळेपर्यंत थांबायचे नसते. आधी विहीर पाहायची, पाण्याचा नमुना घ्यायचा, पाणी शुद्ध करायचे. जंतूचे नाव मागाहून कळले तरी चालते.

शंभरातले पंधरा

आता एक हिशेब करू या. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, हे लक्षात ठेवा.

समजा, एका तालुक्यात एका रोगाचे १०० रोगी आहेत. त्यांतले ३० जण घरीच काढा घेऊन पडून राहिले. उरले ७०. त्यांतले ५० जण खाजगी दवाखान्यात गेले आणि त्या डॉक्टरांनी कोणालाच कळवले नाही. उरले २०. सरकारी दवाखान्यात आलेल्या या २० पैकी पाच जणांचा रोग ओळखताच आला नाही. म्हणजे कागदावर आले १५.

तालुक्याचा आकडा १५ असला तर निदान काहीतरी चालले आहे हे तरी कळेल. पण एखाद्या लहान गावात या रोगाचे तीनच रोगी असले तर? प्रत्येक रोगी नोंदला जाण्याची शक्यता शंभरात पंधरा, म्हणजे निसटण्याची शक्यता शंभरात पंच्याऐंशी. तिघेही निसटण्याची शक्यता ०.८५ × ०.८५ × ०.८५, म्हणजे सुमारे ०.६१. अशी शंभर गावे घेतली, तर त्यांतल्या एकसष्ट गावांचा कागद 'शून्य' म्हणेल आणि प्रत्येक गावात तीन रोगी असतील!

आणि साथ सुरू होते ती अशाच तीन रोग्यांपासून. सुरुवातीला, म्हणजे ती थांबवणे सर्वांत सोपे असते तेव्हाच, आपले यंत्र सर्वांत आंधळे असते. रोगांच्या पाळतीमधली खरी अडचण ही आहे.

देवीने शिकवलेला धडा

ही अडचण आपल्या देशाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर सोडवली. तुमच्या आजीआजोबांच्या दंडावर देवी काढल्याचा गोल वण असेल, तो पाहून घ्या. देवी हा भयंकर रोग होता. अंगभर पुटकुळ्या उठत, अनेक रोगी दगावत, जे वाचत त्यांचे चेहरे व्रणांनी भरून जात, कित्येकांची दृष्टी जाई.

१९७३ सालापर्यंत देवी देशाच्या बऱ्याच भागांतून गेली होती, पण उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये ती ठाण मांडून बसली होती. कागदावरचे आकडे मात्र त्या मानाने लहान दिसत. का? कारण रोगी कळवला की कळवणाऱ्यालाच जाब विचारला जाई : "तुमच्या भागात देवी आलीच कशी? लस नीट टोचली नाहीत वाटते?" मग कोण कळवील? पुष्कळ ठिकाणी रोगी दडवले जात आणि वर शून्याचा कागद जाई.

१९७३ च्या पावसाळ्यानंतर वेगळीच मोहीम सुरू झाली. हिवताप, कुटुंबनियोजन अशा इतर कामांतले आरोग्यसेवकसुद्धा ठरलेल्या एका आठवड्यापुरते गोळा करायचे आणि राज्यातल्या गावागावांत एकाच वेळी पाठवायचे. देशभर एक लाखाहून अधिक माणसे या कामाला लागली. प्रत्येकाच्या हातात देवी झालेल्या बालकाचे चित्र असलेले एक कार्ड. ते चित्र दाखवून विचारायचे, "असा रोगी पाहिला आहे का?" पहिल्याच फेरीत उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये पूर्वी कोणालाही ठाऊक नसलेले हजारो रोगी सापडले.

आता विचार करा. त्या आठवड्यात आकडा एकदम उसळला, म्हणजे त्या आठवड्यात देवीचा रोग वाढला का? नाही. रोग तेवढाच होता, पाहणारे डोळे वाढले होते. वर्तमानपत्रात एखाद्या रोगाचे 'रोगी वाढले' असे वाचाल, तेव्हा हा प्रश्न आधी विचारावा : रोग वाढला, की शोध वाढला?

या मोहिमेतल्या आणखी तीन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात.

पहिली, रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस. सुरुवातीला ते ५० रुपये होते. पुढे ते वाढत वाढत १९७५ साली १,००० रुपयांवर गेले. रोग कमी होत असताना बक्षीस का वाढवायचे? कारण रोगी जितके विरळ, तितका पुढचा रोगी सापडणे अवघड. शेवटचा रोगी सुटला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात जाणार.

दुसरी, शोधणाऱ्यांचीही तपासणी. शोधाचा आठवडा संपला की दुसरी माणसे काही निवडक गावांत जाऊन विचारीत : "तुमच्या घरी कोणी चित्र घेऊन आले होते का? बक्षीस किती आहे ठाऊक आहे का?" एखाद्या गावात लोकांनी माना हलवल्या, तर त्या गावाचे शून्य बाद. तिथे पुन्हा शोध.

तिसरी, रोगी कळवणाऱ्याला दोष द्यायचा नाही. तापमापकात पारा चढला म्हणून आपण तापमापक फोडत नाही. तसेच हेही.

१९७४ साली भारतात देवीच्या सुमारे १ लाख ८८ हजार रोग्यांची नोंद झाली. तो आकडा पाहून कित्येकांना मोहीम फसली असे वाटले असेल. पण रोगी सापडत होते म्हणूनच त्यांच्याभोवतालच्या सर्वांना लस टोचून रोगाला वेढा घालता येत होता. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी आसामात आढळला. त्यानंतरही शोध थांबला नाही. अंगावर पुरळ उठलेली माणसे तपासली जात राहिली. कोणाला कांजिण्या निघाल्या, कोणाला गोवर, देवी मात्र एकालाही नाही. अशी जवळजवळ दोन वर्षे गेल्यावर एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीने भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले. १९८० साली जागतिक आरोग्य परिषदेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

पोलिओ : लपून राहणारा शत्रू

देवीच्या बाबतीत एक सोय होती. ज्याला देवी झाली, त्याच्या अंगावर ती दिसेच. पोलिओचे तसे नाही.

मी प्राथमिक शाळेत असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात माझ्यापेक्षा हुशार. त्याचा एक पाय पोलिओने बारीक झालेला होता आणि त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधलेला असे. खेळाच्या तासाला तो बाकावर बसून आम्हां सर्वांची दप्तरे सांभाळी. तो दोन वर्षांचा असताना एका रात्री ताप आला आणि सकाळी पाय हलेना, असे त्याची आई सांगे. त्यांनी गावात औषधोपचार केले, नवससायास केले. पण या मुलाचा पाय लुळा पडला आहे, हे कोणी कोणाला कळवले नाही. कळवायचे असते, हेही कोणाला माहीत नव्हते.

पोलिओचा विषाणू पोटात गेलेल्या सुमारे दोनशे मुलांपैकी एखाद्याचाच पाय किंवा हात लुळा पडतो. बाकीच्यांना काही होत नाही, किंवा थोडा ताप येऊन जातो. पण ती सगळी मुले विषाणू पसरवीत असतात. म्हणजे माझा वर्गमित्र एकटा नव्हता. त्याच्या एका पायामागे न दिसणारी दोनशे मुले उभी होती. त्याची नोंद झाली असती, तर आजूबाजूच्या वाड्यांतल्या बालकांना वेळेवर डोस देता आले असते आणि आणखी एखादा पाय वाचला असता. नोंदवहीतल्या एका ओळीची किंमत ही अशी असते.

अशा रोगाचे शून्य खरे की खोटे, हे ठरवायचे कसे? इथे शास्त्रज्ञांनी जी युक्ती केली, ती पाहून मला आमच्या प्रयोगशाळेतले ते गणक यंत्र आठवते.

मुलांचे हातपाय अचानक लुळे पडण्याचे पोलिओ हे एकच कारण नाही. इतरही कारणे आहेत. त्यांतले मुख्य म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम, अर्थात जीबीएस. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात त्याचे पुष्कळ रोगी आढळले, तेव्हा हे नाव तुमच्या कानांवर आले असेल. पोलिओ असो वा नसो, या इतर कारणांनी दरवर्षी काही मुलांना लुळेपणा येतच असतो. पंधरा वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी असे मूल सापडले पाहिजे, असा दंडक जागतिक पातळीवर ठरला. भारताने आपल्यासाठी एकाऐवजी दोनचे उद्दिष्ट ठेवले.

लक्षात आले का? हे म्हणजे खोलीतले ते मिनिटाला पडणारे दहावीस ठोके! पोलिओ शोधायचा, पण मोजायचा मात्र सगळाच लुळेपणा. पोलिओ नसलेल्या लुळेपणाची मुले अपेक्षेइतकी सापडत असतील, तर आपले यंत्र जागे आहे. मग त्या यंत्राने 'पोलिओ शून्य' म्हटले, तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तीच मुले सापडत नसतील, तर तार सैल आहे.

भारतात ही पाळत १९९७ पासून पद्धतशीरपणे सुरू झाली. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की डॉक्टरांनी, मग ते सरकारी असोत की खाजगी, लगेच कळवायचे. चौदा दिवसांच्या आत, मध्ये किमान एक दिवसाचे अंतर ठेवून, त्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे. ते बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायचे. बर्फ वितळला तर विषाणू नष्ट होऊ शकतो आणि मग निकाल शून्य येतो. तेही खोटे शून्यच! मुंबईतल्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्राने या तपासण्यांत फार मोठे काम केले आहे.

२०११ साली देशभरात अशी पन्नास हजारांहून अधिक मुले शोधून तपासण्यात आली. त्या सर्वांत रानटी विषाणूचा पोलिओ निघाला फक्त एका मुलीला.

हिशेब शून्याचा

आता कागद-पेन्सिल घ्या. एका जिल्ह्यात पंधरा वर्षांखालील सहा लाख मुले आहेत असे समजू. लाखामागे दोन या हिशेबाने वर्षाला बारा, म्हणजे सरासरी महिन्याला एक लुळेपणाचे मूल सापडायला हवे. एखाद्या महिन्यात एकही सापडले नाही, तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी चिंता करावी का?

महिन्याचे दिवस ३०. कोणत्याही एका दिवशी मूल सापडण्याची शक्यता १/३०, न सापडण्याची २९/३०. सबंध महिन्यात न सापडण्याची शक्यता काढायला २९/३० ला स्वतःनेच तीस वेळा गुणायचे. उत्तर येते सुमारे ०.३६. म्हणजे तीन महिन्यांपैकी एखादा महिना सहज कोरा जाऊ शकतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

सलग तीन महिने कोरे जाण्याची शक्यता ०.३६ × ०.३६ × ०.३६, म्हणजे सुमारे ०.०५. वीस वेळांतून एकदा. आता जरा चौकशी करायला हवी. सलग सहा महिने कोरे? सुमारे साडेचारशे वेळांतून एकदा. आणि सबंध वर्ष कोरे? सुमारे दोन लाख वेळांतून एकदा!

म्हणून एखादा जिल्हा वर्षाच्या शेवटी "आमच्याकडे एकही मूल लुळे पडले नाही" असे अभिमानाने सांगू लागला, तर त्याची पाठ थोपटायची नाही. तिथे माणूस पाठवायचा. कोणत्या रुग्णालयातून कागद येत नाही, कोणता डॉक्टर बदलून गेला, कोणत्या डोंगरापलीकडच्या पाड्यावर महिनोन्महिने कोणी फिरकले नाही, हे शोधायचे. महिन्याच्या शून्यात आणि वर्षाच्या शून्यात केवढा फरक आहे, हे साध्या गुणाकाराने कळते.

दुसरे यंत्र

प्रयोगशाळेत एका यंत्राच्या मोजणीची शंका आली, तर आपण ती वेगळ्याच तत्त्वावर चालणाऱ्या दुसऱ्या यंत्राने ताडून पाहतो. रोगांच्या पाळतीत असे दुसरे यंत्र म्हणजे सांडपाणी.

पोलिओचा विषाणू शौचावाटे बाहेर पडतो. लुळे पडलेले मूल डॉक्टरकडे जाईल न जाईल, पण न दिसणाऱ्या त्या दोनशे मुलांचे शौच गटारात जातेच. म्हणून मुंबईत २००१ सालापासून ठरावीक ठिकाणच्या सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यांत पोलिओचा विषाणू आहे का, हे तपासले जाऊ लागले. या पद्धतीचे सामर्थ्य २०१३ साली इस्राएलमध्ये दिसले. तिथल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू महिनोन्महिने सापडत होता, पण लुळे पडलेले मूल एकही नव्हते. लस टोचलेली असल्यामुळे मुलांचे पाय शाबूत होते, तरी विषाणू आतड्यांतून फिरत होता. रोग्यांचा आकडा शून्य होता आणि तो खराही होता. पण विषाणू शून्य नव्हता. केवळ रोगीच मोजत बसले असते, तर हे कधी कळलेच नसते. कळल्यामुळे मुलांना तोंडावाटे डोस देऊन तो विषाणू हटवता आला.

कोरा रकाना आणि शून्य

माझी मोठी मावसबहीण एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. सुट्टीत मी तिच्याकडे गेलो असताना एका संध्याकाळी ती तक्ता भरत बसली होती. एकेका रोगापुढे ती ठळक शून्य काढी. मी विचारले, "ताई, कोणी आजारीच नाही, तर रकाना कोरा का सोडत नाहीस? शाई तरी वाचेल."

ती म्हणाली, "अरे, कोरा सोडला तर डॉक्टर विचारतात, बाई, तुम्ही गेला होतात की नाही? शून्य लिहिले म्हणजे मी त्या वाडीवर जाऊन आले. आठ किलोमीटर चालून आले आहे मी या शून्यासाठी!"

त्या दिवशी ताईने मला मोजणीतली एक मोठी गोष्ट सांगितली. 'मी पाहिले आणि सापडले नाही' हे एक विधान. 'मी पाहिलेच नाही' हे दुसरे. कागदावर दोन्ही सारखीच रिकामी दिसली, तरी त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणूनच पोलिओच्या कामात दवाखान्यांकडून 'शून्य अहवाल' दर आठवड्याला मागून घेतला जातो. शून्य असले तरी कळवायचे, नव्हे, शून्य असले तर ते कळवायचेच.

तुम्हांलाही हे करून पाहता येईल. वर्गशिक्षकांची परवानगी घ्या आणि एका वहीत दर आठवड्याला दोन आकडे लिहा : तापामुळे किती विद्यार्थी गैरहजर होते, आणि वर्गाचा पट किती आहे. कोणाचेही नाव लिहू नका, आपल्याला नावाशी काही कर्तव्य नाही. ज्या आठवड्यात कोणीच आजारी नव्हते तिथे शून्य लिहा. ज्या आठवड्यात तुम्ही नोंदच घेतली नाही तिथे आडवी रेघ मारा. रेघेच्या जागी शून्य लिहिण्याचा मोह होईल, तो टाळा. शेजारच्या वर्गाशी तुलना करताना नुसते आकडे ताडू नका. पन्नासांच्या वर्गातले पाच आणि पंचवीसांच्या वर्गातले पाच सारखे नव्हेत, म्हणून पटाने भागा. सहा महिन्यांनी आलेख काढा. एरवी आठवड्याला एखाददुसरा गैरहजर असतो आणि एका आठवड्यात एकदम सात झाले, तर शिक्षकांना सांगा. त्या क्षणी तुम्ही या मोठ्या यंत्राचा एक छोटा भाग झालेले असाल.

आता शेवटचे. भारतातल्या त्या एका मुलीला लुळेपणा आला, तो दिवस होता १३ जानेवारी २०११. पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली ती लहान मुलगी. त्यानंतर रानटी विषाणूचा पोलिओ देशात कोणालाही झाला नाही. मग दुसऱ्या दिवशीच जाहीर का केले नाही? कारण ते शून्य खरे आहे याची खात्री करायची होती. तीन वर्षे, आठवड्यामागून आठवडा, देशातल्या कानाकोपऱ्यांतून शून्ये येत राहिली. हजारो लुळी मुले शोधली गेली, त्यांचे नमुने बर्फातून गेले, आणि प्रत्येक वेळी उत्तर आले : पोलिओ नाही. तेव्हा कुठे २७ मार्च २०१४ रोजी भारताला आणि सर्व दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

जगातून पोलिओ अजून गेलेला नाही. म्हणून आपली पाळत आजही चालू आहे. कुठल्या तरी वाडीवरून कोणी ताई याही आठवड्यात चालत येईल आणि तक्त्यात एक शून्य लिहील. तुमच्या वर्गात आज पायाला लोखंडी पट्ट्या बांधून बाकावर बसलेले, दप्तरे सांभाळणारे मूल बहुधा नसेल. ते नाही, यामागे लसीच्या थेंबांइतकाच या खऱ्या शून्यांचाही वाटा आहे.